मुलांच्या आवडीमागे जायचे, तर भागाकार कधी शिकवायचा?

प्रश्न : जिल्हा परिषद शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. आमची शाळा द्विशिक्षकी असून तिसरी व चौथीचे वर्ग माझ्याकडे एकत्र आहेत. मागील आठवड्यात एका मुलाने कपाशीचे पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखे झालेले फूल वर्गात आणले. पाकळ्या हलक्या हाताने सोडवल्यावर आत बारीक अळी निघाली, आणि तेव्हापासून वर्गाचे लक्ष पुस्तकात राहिलेले नाही. ती पुढे काय होते, फवारूनही मरत का नाही, असे प्रश्न मुले सतत विचारतात. हे कुतूहल मला दडपायचे नाही. परंतु चौथीचा भागाकार कच्चा आहे आणि अध्ययन निष्पत्तींच्या, म्हणजे मुलांना काय काय येऊ लागले याच्या, नोंदी तर द्याव्याच लागतात. मुलांच्या मागे किती जावे?

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, वर्धा

ताई, त्या फुलाला आपल्याकडे डोमकळी म्हणतात आणि ती दिसली म्हणजे गुलाबी बोंडअळी आली. अंड्यातून निघाल्यावर अळी लवकरच कळीत वा बोंडात शिरते, बाहेरचे छिद्र बुजते आणि मग फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. एका प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. आता भागाकाराचे बघू. हीच अळी पुढे पतंग होते. बांधाजवळ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावून त्यांत अडकलेले पतंग मुलांना रोज सकाळी मोजू द्या. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ ते १० पतंग सापडले, तर उपाय योजण्याची वेळ आली असे कृषी विभाग सांगतो. एका सापळ्यात सरासरी किती पतंग आले, हे भागाकाराशिवाय कळणार नाही आणि उत्तर काय येते याची उत्सुकता मुलांच्या वडिलांनाही असेल. तरीही एवढ्याने सर्वांचा भागाकार पक्का होईल असे मानू नका. सरावाची उदाहरणे रोज वेगळी द्यावीच लागतील. नोंदींची चिंता नसावी. कृती व शोध यांतून शिकणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच सांगितले आहे, ते केंद्रप्रमुखांना दाखवता येईल.

उत्तर २ : पालक, हिंगणघाट तालुका

सरांचा उपाय चांगला आहे, पण माझी एक शंका आहे. गावच्या मुलांना शेतीचीच आवड असणार, असे आपण फार लवकर गृहीत धरतो. गांधीजींच्या सेवाग्रामच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचा पाया १९३७ च्या वर्धा परिषदेत घातला गेला आणि हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मोठीच होती. परंतु सूतकताई निवडली ती मोठ्यांनी. माझ्या मुलीला वेचणीचा हिशेब तोंडपाठ आहे, कारण सुटीत ती आमच्यासोबत कापूस वेचते आणि संध्याकाळी काट्यावर गाठोडे लावले की किलोप्रमाणे मजुरी तीच सांगते. तिच्या मॅडमनी कौतुकाने तिला कापसावरच प्रकल्प दिला. तिचा खरा प्रश्न मात्र वेगळाच होता : रेल्वेला स्टिअरिंग नसते, तर ती वळते कशी? त्याला वर्गात जागा मिळाली नाही. सवय आणि आवड यांतला हा फरक शिक्षकांनी ओळखावा, एवढीच विनंती.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. अळी मुलानेच आणली असल्यामुळे सापळ्यांचे काम घेईन, मात्र ज्यांचे लक्ष दुसरीकडे आहे त्यांना त्यात ओढणार नाही. त्यांचे प्रश्न फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवू आणि शनिवारी त्यांतला एक घेऊ. सापळे कुठे मिळतील?

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, वर्धा

तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मिळतात; आतील ल्युर, म्हणजे गंधाची गोळी, ठरावीक दिवसांनी बदलावी लागते, ती मुदत पाकिटावर असते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. २०१७ मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले होते. म्हणून शेतमालकाला फवारणीचा दिवस आधी विचारा आणि त्यानंतर काही दिवस मुलांना त्या शेतात नेऊ नका. तेवढ्या दिवसांची मोजणी वहीत कोरी राहिली तरी चालेल.