मदत हवी आहे : क्षयरोग कार्यक्रमातील लिंगभाव-संवेदनशीलता मोजायची कशी?

नमस्कार. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी नागपूर शहर आणि बुटीबोरी परिसरातील क्षयरोग निर्मूलनाचे काम लिंगभावाच्या दृष्टीने कितपत संवेदनशील आहे, हे तपासायला मी घेतले आहे आणि मोजमापापाशी येऊन अडले आहे.

एखादा कार्यक्रम लिंगभावाच्या दृष्टीने कुठे बसतो हे ठरवणारी जागतिक आरोग्य संघटनेची पाच पायऱ्यांची श्रेणी मी पाहिली आहे. तिच्या एका टोकाला विषमता वाढवणारे कार्यक्रम आहेत आणि दुसऱ्या टोकाला विषमतेच्या मुळाशी हात घालणारे. केंद्रीय क्षयरोग विभागाचा लिंगभावाविषयीचा २०१९ चा आराखडाही वाचला. मात्र ही श्रेणी धोरणाच्या कागदाला जितकी सहज लागू होते, तितकी आरोग्य केंद्राच्या रोजच्या कामाला होत नाही. कागद वरच्या पायरीवर आणि केंद्र खालच्या, असे निघाले तर गुण कशाला द्यायचे?

‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर स्त्री, पुरुष व तृतीयपंथी अशा वेगळ्या नोंदी होतात, तेव्हा तेवढी टक्केवारी पुरे, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. मला ते पटत नाही. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात पुरुषांमध्ये क्षयाचे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरेच जास्त आढळले होते; त्यामुळे नोंदवहीत पुरुष अधिक दिसले म्हणून स्त्रिया सुटल्या असे ठरत नाही, उलट सुटलेल्यांत पुरुषच जास्त असू शकतात. आशाताई सकाळी अकराला दार वाजवतात, तेव्हा एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला माणूस घरी सापडणार कसा? (लिंगभाव म्हटले की फक्त बायकांचा प्रश्न, ही समजूत आमच्या विभागातही आहे.) स्त्रियांची अडचण निराळी. थुंकीच्या नमुन्यासाठी डबी हातात दिली जाते, आडोसा नसतो, रांगेतल्या लोकांसमोर खोकून बेडका काढायचा संकोच वाटतो, मग बाई नुसती लाळ देऊन जाते आणि अहवाल निगेटिव्ह येतो. नोंदवहीत मात्र तिची तपासणी ‘झाली’. शिवाय फुफ्फुसाबाहेरचा क्षय स्त्रियांमध्ये तुलनेने अधिक आढळतो आणि तो थुंकीत सहसा सापडत नाही.

म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून निदानापर्यंत गेलेले दिवस, नमुना देण्याची जागा, गृहभेटीची वेळ आणि क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये कोणाच्या खात्यात जमा होतात व कोणाच्या हाती पडतात, हे निर्देशक धरावेत असे वाटते. यांना समान भार द्यावा की निदानातील विलंबाला अधिक? आडोशासारखी गोष्ट कर्मचाऱ्यांना विचारून भागेल की स्वतः बसून निरीक्षणच करावे लागेल? मराठीत तपासून घेतलेली प्रश्नावली कोणी वापरली असल्यास कृपया कळवावे.

तृतीयपंथी रुग्णांची संख्या एखाद्या केंद्रात एक-दोनच असते. त्यांची आकडेवारी वेगळी दाखवली तर व्यक्ती ओळखू येते, इतरांत मिसळली तर ते नोंदीतून पुसलेच जातात. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी तक्ता कसा मांडला?