दंड पाचटाला, हार इथेनॉलला?

शहापूरकर: ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ ला आपण २०७० चं नेट झिरो कबूल केलंय, म्हणजे हवेत सोडू तेवढं शोषूनही घ्यायचं. ऊस गेला की शिवारभर धूर. पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवणाऱ्याला सरळ दंड लावा, हवा सगळ्यांची आहे.

चिकोडीकर: हवा सगळ्यांची, मग दंड एकट्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर का ओ? नीती आयोगाच्याच अहवालात आहे, पेट्रोलमध्ये मिसळायच्या उसाच्या लिटरभर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी. पाणी कृष्णा-घटप्रभेचं, 'हरित' शिक्का दिल्लीचा.

हुक्केरीकर: इथेनॉल राहू दे. जाळायचं कशाला? हेक्टरी ८-१० टन पाचट निघतं. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, वर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट, १० किलो कुजवायचं कल्चर. खोडव्याचं, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचं, पाणीही वाचतं.

निपाणीकर: कागदावर! तीन फुटी सरीत मल्चर, ते पाचट बारीक करायचं यंत्र, फिरवून दाखवा. बुडखा उंच राहिला की पाती बोथट, पाचट नुसतं विस्कटतं. पाणी लांबलं की ते वाळतं, मग एका ठिणगीत शेजारचा उभा फडही जातो.

हुक्केरीकर: वाळल्या पाचटावर युरिया फेकला तर अमोनिया होऊन उडणारच. ओल असताना टाका, मग बोला.

खानापूरकर: दोघं सरीतच रुतलात की! तोडीआधी फड पेटवते ऊसतोड टोळी. मजुरी टनावर, पाला सोलायचे पैसे शून्य. जळीत उसाची कपात मात्र शेतकऱ्याच्या बिलात.

शहापूरकर: म्हणजे गरिबी दाखवायची आणि धूर सोडायचा?

चिकोडीकर: देश तेच सांगतो ना? आपलं दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला साधारण २ टन, अमेरिकेचं सातपट, म्हणून आधी त्यांनी कमी करावं. १९९२ च्या रिओ परिषदेपासून हाच धोशा, आणि बरोबरच आहे. तोच न्याय देशात लावताना कुठं अडतं?

शहापूरकर: आपल्या कर्नाटकात १० एचपीपर्यंत पंपाची वीज फुकट, मोटर चालू ठेवून झोपता. तो कोळसा कुणाच्या खात्यावर?

निपाणीकर: सात तास थ्री फेज, तीही मध्यरात्री. जागून सरी बदला एकदा.

चिकोडीकर: फुकट विजेचं मान्य, पाट भरून वाहतो. मीटर बसवा, पण ठिबकच्या पैशासकट. आणि न पेटवता तोडणाऱ्या टोळीला टनामागे जादा दर इथेनॉलच्या कमाईतून द्या.

शहापूरकर: बरं बाबा, आधी दर, मग दंड. पण दर ठरेपर्यंत धूर कुणी गिळायचा?

हुक्केरीकर: सुपर फॉस्फेटबद्दल कुणीच बोलेना.