हेरवाडचा ठराव आणि घरचा उंबरठा

कृष्णाकाठ
शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्यावर काल इथे लिहिले गेले की, श्रद्धा हा घरचा विषय आहे, ग्रामसभेने त्यात पडू नये. वडील गेले तेव्हा आईच्या बांगड्या फोडल्या त्या अंगणात, भावकीतल्या बायकांनी, चारचौघांसमोर; मग हा घरचा विषय कसा? माझा त्या प्रथेवर काडीचा विश्वास नव्हता, तरी मी गप्प उभा राहिलो. गावाचा ठराव असता, तर निदान तोंडातून शब्द फुटला असता.

देवदत्त
ते वाक्य माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला १८९३ मध्ये आणि तरीही त्यांच्याच गावच्या मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ३७ वर्षांत कायद्याने मुरुडचे मन बदलले नव्हते. ज्याला एखादी गोष्ट पटली आहे, त्याने ठरावाची वाट का पाहावी?

कृष्णाकाठ
वडिलांच्या तिरडीपाशी उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे आपण कर्व्यांचे धैर्य मागता, हे निर्दयपणाचे आहे. आणि १८५६ चा कायदा नसता, तर १८९३ चा तो विवाह कायद्यापुढे टिकला असता का, याचेही उत्तर द्यावे.

मीनाक्षी
तुम्ही दोघेही पहिल्या दिवसाबद्दलच बोलत आहात. माझे यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, कुंकूही मी लावते. पण जिच्याबरोबर पंधरा वर्षे संक्रांतीचे वाण लुटले, ती शेजारीण त्या दिवसांत मला पाहून दार लोटून घेते. हे कोणत्या ठरावात बसवणार?

सुनंदा
मीनाक्षीताई, मी दोन वर्षांपासून हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावते. पहिल्या वर्षी सासूबाई आतल्या खोलीत जाऊन बसल्या आणि निम्म्या बायका आल्याच नाहीत. यंदा सासूबाईंनी स्वतः तिळगूळ वाटला.

रेवती
सगळ्यांना बोलावल्याने काय साधते? नवरा जिवंत आहे म्हणून बाईला मान देणारा समारंभच मुळात बंद झाला पाहिजे.

मीनाक्षी
रेवतीताई, ज्यांना कधी वगळले गेले नाही, त्यांना बंद करा म्हणणे सोपे जाते. मला तो समारंभ हवा आहे. माझी जागा मागते आहे, तर तुम्ही पंगतच उठवायला निघालात!

रेवती
तुमचे दुःख मी नाकारत नाही. परंतु त्या पंगतीत अविवाहित आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांना कधी पाट मांडला गेला, तेही सांगा.

सुनंदा
माझ्याकडून तेवढे राहिले, हे खरे आहे.

देवदत्त
कायद्याविना तो विवाह टिकला नसता, एवढे मान्य करतो. परंतु सुनंदाताईंनी कोणत्याही ग्रामसभेला विचारले नव्हते, हेही आपण मान्य करावे.

कृष्णाकाठ
केले. आमच्या गावात अजून ठराव झालेला नाही. मी तो मांडणार आहे आणि अनुमोदन द्यायला आईला विचारले आहे. तिने अजून होकार दिलेला नाही.