स्टार्टर बदलण्याआधी अर्थची पट्टी बघा

सेल्फ मारला तरी गाडी उठत नाही, अशी तक्रार इथे आली. 'बॅटरी नवी आहे तरी नुसतं टक् वाजतं, म्हणजे स्टार्टर (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) गेला' हा त्यावर दिलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. त्याच गाडीचा क्लच जड झालाय, गिअर नीट पडत नाहीत, ही तक्रार उत्तर देणाऱ्या सगळ्यांनी वेगळी धरली आहे. क्लच केबलवर चालणारा असेल तर दुखणं एकच असू शकतं. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी कुणी पाहिली का? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे स्टार्टरचा शे-दीडशे अँपिअर करंट बॅटरीकडे परत जायला बऱ्याच गाड्यांत मुख्य वाट तीच. ती गंजली की करंट क्लचच्या नाहीतर गिअरच्या केबलमधून पळतो. माझ्या १७ वर्षांच्या गाडीला मी दोनदा क्लच केबल घातली, दोन्ही जड झाल्या. तिसऱ्या वेळी सेल्फ मारल्यावर सहज केबलला हात लावला तर चटका बसला! काढून पाहिली, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं. पट्टी वरून ठणठणीत, बोल्टखाली मात्र हिरवी भुकटी.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर दोष अर्थचाच. मीटर नसेल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, त्याच दोन जागी जंपर केबल (दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर) जोडून सेल्फ मारून बघा. लगेच उठली तर स्टार्टर निर्दोष आहे. ऑटोमॅटिकवाल्यांनीही हे बघावंच, व्होल्टेज कोसळलं की गिअरबॉक्सचा कंट्रोलर भलतेच एरर दाखवतो.