मीटरवर ९, ॲपात २.१ किमी. पैसे कसे वसूल करायचे?

वैतागलेला_रायडर: कोणाला माहीत असेल तर पटकन सांगा. डिलिव्हरी करतो, पेआउट किमीवर आहे. काल ॲपात २.१ किमी, माझ्या मीटरवर ९. रोजचंच झालंय. टीएल (टीम लीडर) म्हणतो तिकीट टाक, म्हणजे ॲपात तक्रार. टाकलं की दोन मिनिटांत बंद.

नळस्टॉपकर: शहर? जेवण की किराणा? मीटर कुठून कुठपर्यंत वाचलंस?

वैतागलेला_रायडर: पुणे. जेवण. ऑर्डर घेतल्यापासून संपेपर्यंत, अजून कुठून?

बॅटरीवाले_काका: बाळा, पेट्रोल १०४ धर, ४५ चं ॲव्हरेज. किमीला सव्वादोन रुपये नुसते जळतात, टायर-ऑइल वेगळं. २५ च्या स्पीडची बॅटरीची गाडी घे, लायसन्सही लागत नाही.

वैतागलेला_रायडर: काका, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. वायर काय खिडकीतून सोडू?

नळस्टॉपकर: हॉटेल कुठे, गिऱ्हाईक कुठे ते सांग आधी.

वैतागलेला_रायडर: आनंदनगर ते कर्वेनगर.

नळस्टॉपकर: मग झालं की! मधे मुठा नदी आहे. सरळ रेघ मारली तर दोनच किमी भरतं. तुला राजाराम पुलावरून वळसा. पण तरी ९ होत नाही.

वैतागलेला_रायडर: परत आनंदनगरला यायला नको? कर्वेनगरात मला ऑर्डर पडत नाही, झोन वेगळा.

मीटर_डाऊन: म्हणजे ९ मध्ये परतीचं धरलंस! हे आधी सांगायचं ना. परतीचं भाडं आम्ही रिक्षावालेपण मागत नाही.

नळस्टॉपकर: दादा, तुम्हाला कर्वेनगरात दुसरं गिऱ्हाईक मिळतं, याला मिळत नाही. शिवाय तुमचा दर सरकार ठरवतं, मीटर तपासून सील होतं. याचं मीटर मालकाच्याच खिशात.

मीटर_डाऊन: आमच्या पासिंगच्या रांगेत एकदा उभे राहा, मग बोला.

सॅनहोजेकर: आमच्या कॅलिफोर्नियात २०२० च्या प्रॉप २२ मध्ये (लोकांनी मतदानाने केलेला ॲप-ड्रायव्हरांचा कायदा) किमान वेतनाच्या १२० टक्के, वर मैलाला ३० सेंट असं ठरलं. तेही ऑर्डर घेतल्यापासून पोचवेपर्यंतच. ताटकळत बसलेल्या वेळेचं काही नाही.

वैतागलेला_रायडर: साहेब, मला तिकीट कसं टाकायचं ते हवंय.

कायद्याचं_बोला: केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के तुमच्यासारख्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ठेव. किमीचा दर मात्र त्यात नाही.

नळस्टॉपकर: मग आत्ता उपयोग काय? ऐक, परतीचं वेगळं काढ, ते या तिकिटात घालू नकोस, त्यावरच फेटाळतील. एकेका ऑर्डरचा स्क्रीनशॉट, सोबत हॉटेल आणि गिऱ्हाईक या त्याच दोन पिनांचं मॅपवरचं टू-व्हीलरचं अंतर. नदीपलीकडच्या दहा ऑर्डरी एकत्र पाठव. आणि एकच प्रश्न विचार, अंतर रस्त्याने मोजता की सरळ रेषेत? लेखी मागायचं. रेट कार्डात काय लिहिलंय?

वैतागलेला_रायडर: बघितलं. 'ॲपने ठरवलेले अंतर ग्राह्य.'

मीटर_डाऊन: घ्या. सील झालं.

बॅटरीवाले_काका: बॅटरी काढून घरात नेता येते अशी गाडी मिळते हं.

वैतागलेला_रायडर: कालच्या ऑर्डरचं मॅपवर ४.४ येतंय. म्हणजे २.३ खाल्ले. बाकीच्या नऊ ऑर्डरींचं आज रात्री काढतो. ऑर्डर पडली, परत कर्वेनगर.