अ‍ॅब्लेशननंतर परत धडधड: आमचा अनुभव

ताई, आईंच्या एएफसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) अ‍ॅब्लेशन (जांघेतून नळी घालून हृदयात आतून चटके देण्याचा उपचार) होऊन १२ दिवस झाले आणि धडधड परत आली, सगळं वाया गेलं का, असं तुम्ही विचारलंय. माझंही असंच झालं होतं. नवव्या रात्री अडीचला जाग आली. बायको मनगट धरून बसली होती: दोन ठोके, मग रिकामी जागा, मग तीन घाईघाईने. आम्ही दोघंही उजाडेपर्यंत झोपलो नाही.

सकाळी ईसीजी काढून डॉक्टरांनी समजावलं. फुप्फुसांतून हृदयात येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी चटके दिलेले असतात (चुकार ठोके बहुतेकदा तिथून उगवतात, हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं). तिथली सूज उतरून व्रण पक्का व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या धडधडीवरून उपचार फसला असं धरत नाहीत. तरी डॉक्टरांना कळवाच. माझी धडधड आठव्या आठवड्यानंतर विरळ झाली.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र, बरं वाटलं तरी, स्वतःहून बंद करू नका. नळी घातली त्या जागी, जांघेत, आलेलं काळंनिळं हळूहळू जातं. पण तिथली गाठ वाढत असेल, किंवा ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा.

आणि नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की अनियमित ठोक्यांत आकडा चुकतो. वेळ आणि ठोके वहीत लिहा, पुढच्या भेटीत डॉक्टर तेच आधी विचारतील.