सामूहिक भाजीपाला शेतात पहिलाच हंगाम: कामं जमताहेत, पण शेती कशी शिकायची?

नवी_खुरपी

नमस्कार मंडळी. या हंगामापासून मी एका सामूहिक भाजीपाला शेतात जायला लागले आहे. याआधी शेतीशी काहीच संबंध नव्हता. तिथे फळ्यावर कामं लिहिलेली असतात, जो येईल तो उचलतो. त्यामुळे कधी टोमॅटोची लावणी, कधी काकडीला मांडव, कधी खुरपणी, कधी पालकाची कापणी. हात चालायला लागलेत, पण मी लावलेल्या रोपाचं पुढे काय झालं हे मला कळतच नाही, कारण पुढच्या खेपेला मी शेताच्या दुसऱ्या टोकाला असते.

जुनी माणसं मायेने शिकवतात. पण त्यांची उत्तरं अशी: "वाफसा बघून पाणी दे", "रोप कणखर झालं की लाव". वाफसा बघायचा कसा? कणखर म्हणजे किती? भर दुपारी दुधीची पानं माना टाकतात तेव्हा एक जण म्हणतो पाणी दे, दुसरा म्हणतो हात लावू नकोस.

पुढच्या हंगामात एक वाफा पूर्णपणे माझ्या जबाबदारीवर घ्यायची इच्छा आहे. तोवर लक्ष कशावर द्यावं?

वाफसा

ताई, एक वाफा आत्ताच धरा. मालकीचा नको, फक्त नजरेचा. फळ्यावरचं काम करायचंच, पण शेतात पाय ठेवल्यावर आधी त्या एका वाफ्यापाशी जायचं आणि निघतानाही तिथूनच निघायचं. पीक भेंडी किंवा घेवड्यासारखं निवडा: बी थेट पेरलेलं, साधारण दीड-दोन महिन्यांत तोडणीला येणारं. उगवण, विरळणी, फुलोरा, कीड, तोडा, सगळं एकाच जागी ओळीने दिसतं. मी अनेक हंगाम नवख्यांबरोबर काम केलंय. जे असा एक वाफा धरतात, त्यांच्या प्रश्नांची जातच बदलते. "आज काय करू?" ऐवजी "हे आत्ताच का?" असं विचारायला लागतात.

आता वाफसा, म्हणजे मातीत ओल बेताची असणं. वरची माती बघून काही कळत नाही, ती उन्हाने लगेच सुकते. खुरप्याने ८ ते १० सेंटिमीटर खाली उकरा, मूठभर माती घ्या आणि दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर सहज फुटला, तर वाफसा आहे. बोटांना चिकटली, दाबल्यावर चकाकली, तर अजून ओल जास्त आहे. गोळाच होत नसेल तर पाण्याची वेळ झाली. रेताड जमिनीत गोळा तसाही नीट होत नाही, तिथे हाताला गारवा लागतो का ते बघा. ओल जास्त असताना वाफ्यात पाय घालू नका, खुरपूही नका. माती दाबली जाते, मुळांना लागणारी हवा निघून जाते आणि नंतर ढेकळं होतात. सामूहिक शेतात हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे पायही खूप असतात.

दुधी, भोपळा, काकडी यांची पानं मोठी. कडक उन्हात पानांतून पाणी जातं त्या वेगाने मुळं ते ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल होतात. संध्याकाळी परत ताठ झाली तर चिंता नाही. सकाळीही मान खाली असेल तर मात्र माती उकरून बघाच. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर दुखणं मुळाशी आहे, आणि वरून आणखी पाणी ओतलं तर ते वाढेल.

खुरपणीबद्दल एवढंच: तण नुकतं उगवून पांढऱ्या धाग्याएवढं असतं तेव्हाच माती वरच्या वर हलवा, उन्हात मरून जातं. पेरणीनंतरचे पहिले चार-पाच आठवडे तण आवरलं की पुढे पीकच सावली धरतं. दोन तणं मात्र ओळखून ठेवा. लव्हाळा वरून कापला तरी खालच्या गाठीतून पुन्हा येतो. आणि घोळीचे तुकडे ओल्या मातीवर पडू देऊ नका, त्यांनाच मुळं फुटतात.

रोपवाटिकेत_रमणारी

वाफसा यांचं पटलं, पण फक्त थेट पेरणीचं पीक धरलं तर रोपवाटिका राहून जाईल, आणि भाजीपाल्यात निम्मी लढाई तिथेच असते. माझा आग्रह आहे की रोपांचा एक ट्रेसुद्धा नजरेखाली ठेवा.

"कणखर" म्हणजे काय ते सांगते. टोमॅटो, मिरची, वांगं यांच्या रोपाला चार-पाच खरी पानं हवीत (उगवताना येणारी पहिली जोडी मोजायची नाही), खोड बुटकं आणि जाड हवं. उंच, फिकट, एका बाजूला झुकलेलं रोप म्हणजे उजेड कमी पडला. लावणीआधी साधारण आठवडाभर पाणी थोडं कमी करायचं, ऊन आणि वारा रोज थोडा वाढवायचा. लावणी संध्याकाळी, म्हणजे रोपाला सावरायला रात्र मिळते. आणि ट्रेमध्ये पाणी सकाळी द्या, जेणेकरून रात्री माती चिंब राहणार नाही. रोपं जमिनीलगत कुजून कोलमडतात ती बुरशीने, आणि तिला सतत ओल आणि दाटी हवी असते.

पाटकरी

आमच्याकडे सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल तर सगळ्यांच्या चांगुलपणाने. जो येतो तो मायेने पाणी देतो, एकाच वाफ्याला दिवसात तीनदा. आता प्रत्येक वाफ्याच्या टोकाला पाटी आहे. पाणी कधी दिलं, किती वेळ, कोणी, हे लिहिल्याशिवाय नळ बंद करून जायचं नाही. टोमॅटोच्या फळांची बुडं काळी पडणं यानंतर बरंच कमी झालं. मातीत कॅल्शियम असलं तरी पाणी कधी भरमसाट, कधी अजिबात नाही असं झालं की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. ताई, तुमच्याकडे पाटी नसेल तर सुरुवात तुम्हीच करा.

नवी_खुरपी

मनापासून आभार सगळ्यांचे. भेंडीचा वाफा धरला आहे, शिवाय मिरचीचा एक ट्रे. पाटीचं आमच्या बैठकीत मांडणार आहे.

एक तातडीचा प्रश्न. शेजारच्या कोबीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) आलाय, पानामागे गर्दी आहे. काही मावा फुगलेला, तपकिरी, हलत नाही. शिवाय काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या लांबट अळ्या फिरताहेत. काही जण म्हणताहेत उद्या निंबोळी अर्क फवारून टाकू.

वाफसा

उद्याची फवारणी थांबवा, शक्य असेल तर. तपकिरी फुगलेला मावा म्हणजे आत एका बारीक गांधीलमाशीची अळी वाढते आहे, तिने त्याला आतून खाल्लंय. अशांपैकी काहींना गोल भोक दिसेल, तिथून माशी बाहेर पडून पुढच्या माव्यावर गेली. काळ्या-नारिंगी त्या ढालकिड्याच्या अळ्या, आणि त्या मावा फस्त करतात. नवखी माणसं हमखास त्यांनाच चिरडतात, तेव्हा सगळ्यांना आधी दाखवा.

मधली कोवळी पानं मुरडायला लागली आहेत का बघा. नसतील तर सर्वात जास्त भरलेली एक-दोन पानं काढून शेताबाहेर न्या, बाकीच्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारा, आणि दोन दिवसांनी तीच झाडं पुन्हा बघा. तपकिरी मावा वाढत असेल तर फवारणी नकोच. जिवंत हिरवा मावाच वाढत असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, पानाच्या खालून, आणि फक्त त्याच झाडांवर.

तुमच्या भेंडीचीही पानं उलटून बघत जा. पांढरी माशी दिसली आणि एखाद्या झाडाच्या शिरा पिवळ्या पडल्या, तर तो केवडा, पांढरी माशी पसरवते तो विषाणूचा रोग. ते झाड लगेच उपटायचं, वाट बघायची नाही.